बागांसाठी घरपट्टीत जादा कर मागायचा, तर नेमका कसा मागायचा? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

आमच्या भागातल्या काही सोसायट्या मिळून महापालिकेला निवेदन देणार आहेत. मागणी थोडी उलटी आहे: घरपट्टीत थोडा कर वाढवा, आमची हरकत नाही, पण वाढलेला पैसा फक्त बागा आणि खेळाच्या मैदानांवर खर्च करा. मसुदा लिहायला बसलो की अडायला होतं. असा वेगळा कर महापालिकेला स्वतःच्या अधिकारात लावता येतो का, की मुंबईची मंजुरी लागते? किती टक्के मागावा? आणि मुख्य म्हणजे तो पैसा पगार आणि डांबराकडे वळणार नाही, हे कागदावर कसं बांधून घ्यायचं? बैठकीत दोन आक्षेप हमखास येतात. एक, "आधी थकबाकी वसूल करा की ओ." दोन, "तिकीट लावा, जो येईल तो भरेल." अमेरिकेत अशा करावर लोकांचं थेट मतदान होतं असं वाचलं. आपल्याकडे तशी काही सोय आहे का? माहितगारांनी नेमकं सांगावं.

हिशोबनीस

मतदानाचं आधी उरकतो. आपल्याकडे करावर सार्वमत नाही. तुम्ही वाचलं ते बहुधा लॉस एंजेलिस काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं) असेल. तिथे नोव्हेंबर २०१६ मध्ये उद्यानांसाठी बांधकामाच्या दर चौरस फुटाला दीड सेंट असा कर मतदानाला टाकला होता. दोन तृतीयांश मतं लागत होती, त्याहून बरीच जास्त मिळाली. त्यातून घेण्यासारखी गोष्ट मतदान नव्हे. त्यांनी त्याच वर्षी आधी काउंटीभर पाहणी करून कुठल्या भागात बाग नाही, कुठली मोडकळीला आली आहे याची यादी छापली आणि मग कर मागितला. यादी आधी, पैसा नंतर. हा क्रम तुम्हीही ठेवा.

आता आपला कायदा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९. बागा आणि मैदानं यात कलम ६६ खाली, म्हणजे ऐच्छिक कामांत येतात. पाणी, गटार, दिवाबत्ती ही कलम ६३ ची बंधनकारक कामं. पैसा कमी पडला की कात्री कुठे लागते ते इथेच ठरतं. त्यात अधिकाऱ्यांची नियत बघायची गरज नाही.

कर मागायचे दोन रस्ते आहेत.

पहिला, "उद्यान उपकर" नावाचा नवा कर. तो कलम १२७ च्या पोटकलम २ मधल्या "इतर कर" या सदरात बसवावा लागेल. त्यासाठी कलम १४९ प्रमाणे महापालिकेने नियम करायचे, ते शासनाकडे पाठवायचे, शासनाने मंजूर केले की वसुली. म्हणजे नगरविकास खात्याची फाईल. ती किती फिरेल याचा भरवसा देता येत नाही.

दुसरा, मालमत्ता करातल्या "सामान्य कर" या शीर्षाचा दर थोडा वाढवायचा आणि त्याच ठरावात वाढीव भाग विशेष निधीत टाकायचा. दर ठरवणं महापालिकेच्याच हातात आहे. कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. सभागृह असेल तर स्थायी समितीच्या प्रस्तावावर महासभा ठरवते, प्रशासक असेल तर तो ठराव करतो. ही तारीख चुकली की वर्ष गेलं. म्हणून मार्चमध्ये मोर्चा काढून फायदा नाही. आयुक्तांचं अंदाजपत्रक तयार होतं त्या नोव्हेंबर-डिसेंबरात निवेदन टेबलावर हवं.

माझं मत दुसऱ्या रस्त्याचं. नव्या कराच्या नावाने पेपरात बातमी येते आणि ठराव तिथेच अडतो.

आणखी एक. बिलावर "वृक्ष कर" हे शीर्ष दिसेल. ते १९७५ च्या झाडांच्या कायद्याखालचं आहे. लागवड, जोपासना, वृक्षगणना अशा वृक्ष प्राधिकरणाच्या कामासाठी ते असतं. बागेचा पंप, वीजबिल, पाळणे त्यात बसत नाहीत. बैठकीत कुणीतरी "आधीच कर भरतोय की" म्हणणारच, तेव्हा हा फरक सांगता यायला हवा.

मातीपाणी

हिशोबनीस, रस्ता बरोबर आहे. पण निवेदनात "बागा विकसित करण्यासाठी" असं लिहिलंत तर पैसा कारंज्यात जाईल. मागणी देखभालीसाठी करा. फक्त देखभालीसाठी.

बाग उभी करायला पैसा येतो, आणि अनेक दारांनी येतो: नगरोत्थान, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी. अमृत योजनेतही हिरव्या जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत वाटा होता. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत होतं. उद्घाटनाला पैसा मिळतो, माळ्याला मिळत नाही. उभारणीच्या निविदेतली देखभालीची मुदत संपली की बाग कुणाचीच राहत नाही.

खर्च नेमका कुठे होतो ते बघा. एक एकराची, म्हणजे ४,००० चौरस मीटरची बाग धरा. तिन्ही पाळ्यांना वॉचमन आणि सुट्टीचा एक अशी चार माणसं, वर दोन माळी. ठेकेदाराला माणशी महिना १६,००० पडतात असं नुसतं हिशोबासाठी गृहीत धरलं तर वर्षाला साडेअकरा लाख. वीज, खत, डागडुजी, उन्हाळ्यातलं पाणी धरून चौदा-पंधरा लाख. यातले पावणेआठ लाख एकट्या वॉचमनचे. म्हणून छोट्या बागांना तीन पाळ्यांचा पहारा परवडत नाही. तिथे कुंपण नीट करा, रात्री कुलूप लावा आणि पाच-सहा बागांमागे चार माळी, एक टेम्पो, एक गवत कापायचं यंत्र असं फिरतं पथक ठेवा.

पाणी हा सोलापुरात खरा कळीचा मुद्दा. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे लॉन मागायचं धाडस करू नका. मे महिन्यात लॉनला दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एक एकर लॉन म्हणजे रोज २४,००० लिटर, १०,००० चे जवळजवळ अडीच टँकर. शेजारच्या सोसायटीला पिण्याचा टँकर मिळत नसताना बागेत टँकर शिरलेला दिसला की तुमच्या कराचा पाठिंबा त्याच दिवशी संपला.

उलट झाडांची बाग करा. कडुनिंब, करंज, शिरीष, बहावा, कडेला वड-पिंपळ. दोनशे रोपांना ड्रिपने दर खेपेस २० लिटर, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला ८,००० लिटर. एक टँकरसुद्धा नाही. तीन उन्हाळे सांभाळली की बहुतेक झाडं आपल्या पायावर उभी राहतात. लॉन हवंच असेल तर मुलांच्या लोळण्यापुरतं, २००-२५० चौरस मीटर.

बोअरवर विसंबायचं तर दोन गोष्टी. एप्रिलमध्ये बोअर आटतो, तेव्हा टाकी आणि टँकरची सोय अंदाजपत्रकातच धरा. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ड्रिपरमध्ये चुना धरतो. महिन्यातून एकदा लाईन धुवायची, वर्षातून एकदा सौम्य आम्ल सोडायचं. हे ठेक्यात लिहिलेलं नसेल तर कुणी करत नाही. दुसऱ्या वर्षी ड्रिप बंद पडतं आणि मग माळी पाईप धरून उभा राहतो, पाणी तिप्पट जातं.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी बागांना वापरता येतं, पण फवाऱ्याने नको. मुलं खेळतात तिथे ते फक्त ड्रिपने द्यायचं, आधी डिस्क फिल्टर लावायचा, कारण शेवाळ अडकतं. त्या पाण्यात क्षार असतात आणि काळ्या मातीतून निचरा कमी, म्हणून वर्षाला एकदा माती तपासायची. क्षार वाढले तर जिप्सम आणि चर.

पूर्वभाग

सगळं ठीक. पण हे जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड या बाजूचं मागणं आहे बगा. कर सगळ्या गावावर लागणार आणि बागा तिकडे होणार. अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल इथल्या यंत्रमाग कामगाराने आणि विडी वळणाऱ्या बाईने का भरायचं? आमच्याकडे दोन खोल्यांच्या घराबाहेर पोराला उभं राहायला जागा नाही. आणि थकबाकीचं काय? जो भरतो त्याच्यावरच अजून ओझं.

हिशोबनीस

पूर्वभाग, आक्षेप रास्त आहे. याचं उत्तर ठरावाच्या शब्दांतच द्यावं लागेल, भाषणात नाही.

आधी ओझं किती ते काढू. करपात्र मूल्य म्हणजे वार्षिक भाड्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करून राहिलेली रक्कम. महिना ५,००० भाड्याचं घर: वर्षाला ६०,०००, वजा ६,०००, करपात्र ५४,०००. अर्धा टक्का वाढवला तर वर्षाला २७०, सहामाही बिलात १३५. दोन खोल्यांच्या जुन्या घराचं करपात्र मूल्य ६,००० असेल तर वर्षाला ३०. मोठ्या दुकानाला, मंगल कार्यालयाला हजारांत. कर मूल्याच्या टक्क्यात असल्याने हा फरक आपोआप पडतो. शिवाय सामान्य कर चढत्या टप्प्यांनी लावायची मुभा कायद्यात आहे. ठरावीक करपात्र मूल्याच्या खाली वाढ शून्य, असं ठरावात मागा. मी तरी मागेन. त्या टप्प्यातून मिळणारा पैसा तसाही किरकोळ, आणि विरोध मात्र तिथूनच सगळ्यात जास्त होईल.

तिकिटाचं गणित त्याहून वाईट आहे. पाच रुपये तिकीट धरा. खिडकीवरच्या माणसाला महिना १५,००० दिले तर ३,००० तिकिटं त्याच्या पगारातच गेली. ती दोन पाळ्यांची खिडकी असेल तर ६,०००. वर ज्यांच्या घरात जागा नाही तेच फाटकाबाहेर राहतात. तिकीट प्राणी संग्रहालयाला किंवा बोटिंगला शोभतं, गल्लीतल्या बागेला नाही.

थकबाकीबद्दल. थकलेल्या बिलावर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. मग केव्हातरी अभय योजना येते, शास्ती माफ होते आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. हे खरं आहे. पण "आधी सगळी थकबाकी, मग बाग" म्हटलं तर बाग कधीच नाही, कारण थकबाकीतला मोठा भाग कोर्टातल्या दाव्यांत, बंद पडलेल्या मालमत्तांत आणि दुबार नोंदींत अडकलेला असतो. त्याऐवजी दोन्ही एकत्र बांधा. ज्या झोनमध्ये वसुली जास्त, त्या झोनच्या बागांना निधीतला काही हिस्सा बक्षीस म्हणून जादा.

आणि हा हिस्सा छोटाच ठेवा. नाहीतर वसुली चांगली असलेलं जुळे सोलापूरच सगळं घेऊन जाईल आणि पूर्वभाग म्हणतात ते खरं ठरेल. मुख्य वाटप लोकसंख्येवर आणि "माणशी किती चौरस मीटर खुली जागा" यावर करा. केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर असं प्रमाण आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. १० ने गुणलं तर साडेनऊशे हेक्टर. ते आकडे गाठायचे असं कुणी म्हणत नाही. पण कुठला प्रभाग सगळ्यात मागे आहे ते यातून दिसतं आणि पहिला पैसा तिथे जायला हवा.

उत्पन्नाचा ठोकताळा असा: गावाच्या एकूण करपात्र मूल्यातल्या दर १०० कोटींमागे अर्ध्या टक्क्याने ५० लाख मागणी. वसुली ६० टक्के झाली तर हातात ३० लाख. मातीपाणींच्या हिशोबाने तीन पाळ्यांच्या पहाऱ्यासह दोन एकर, फिरत्या पथकाने त्याच्या दुप्पट तरी. एकूण करपात्र मूल्याचा खरा आकडा कर आकारणी विभागाकडून काढा, अंदाजाने निवेदन लिहू नका.

नकाशावाला

सगळे पैशावर बोलताय. जागा नावावर आहे का ते कुणी बघितलं?

तीन प्रकारच्या जागा असतात, तिघींची कागदपत्रं वेगळी.

एक, महापालिकेच्या ताब्यात असलेल्या जुन्या बागा, हुतात्मा बागेसारख्या. इथे प्रश्न देखभालीचाच.

दोन, विकास योजनेत "उद्यान" किंवा "क्रीडांगण" म्हणून आरक्षित पण खासगी मालकीची जमीन. इथे घड्याळ चालू असतं. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. योजना अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे "जमीन घ्या" अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. सूचना आवक विभागात पडून राहते, कुणाच्या लक्षात येत नाही आणि बागेची जागा जाते. तुमच्या प्रभागातल्या आरक्षणांवर अशा सूचना आल्या आहेत का, हे नगररचना विभागाला लेखी विचारा. मालकाला रोख मोबदल्याऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देता येतो, म्हणून देखभालीच्या कराचा पैसा संपादनाला लावायची गरज नाही. ठरावात तसं लिहून टाका, नाहीतर एकाच संपादनात पाच वर्षांचा निधी उडेल.

तीन, आणि हद्दवाढ भागात हाच प्रकार सगळ्यात जास्त: लेआउटमधली खुली जागा. सध्याच्या एकत्रित नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. नकाशात ती हिरवी दिसते. प्रत्यक्षात सातबारावर मूळ मालकाचंच नाव, मधोमध मंदिर किंवा पत्र्याचं शेड, कडेला कुणाची तरी चारचाकी. महापालिकेच्या ताब्यात नसलेल्या जागेवर खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, मग पुढच्या वर्षी तिथे कोणी हात लावत नाही. म्हणून मंजूर अंतिम रेखांकन, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, ताबा पावती ही तीन कागदं ज्या जागेची जुळतात तीच पहिल्या यादीत घ्या. बाकीच्या दुसऱ्या यादीत, "कागद पूर्ण झाल्यावर" अशा शेऱ्यासह.

माहिती अधिकारात विचारताना एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. "बागांची सर्व माहिती द्या" असं लिहू नका, हमखास "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येतं. विचारा असं: मागच्या तीन आर्थिक वर्षांत उद्यान विभागाची तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि दुसऱ्या शीर्षाकडे वर्ग केलेली रक्कम, वर्षनिहाय. या शेवटच्या रकान्यातच सगळी गोम आहे.

जुळेसोलापूरकर

भरपूर मिळालं, आभारी आहे. हिशोबनीस साहेब, ठरावाचा मसुदा कोणत्या शब्दांत असावा? आणि मातीपाणी, काम झालं की नाही हे आम्ही काय बघून तपासायचं?

हिशोबनीस

साधारण असा:

"सन …… या वर्षापासून सामान्य कराच्या दरात करपात्र मूल्याच्या ०.५ टक्के वाढ करण्यात यावी. रुपये …… पर्यंत करपात्र मूल्य असलेल्या निवासी मालमत्तांना ही वाढ लागू नसावी. वाढीपोटी वसूल होणारी रक्कम 'उद्यान व क्रीडांगण देखभाल निधी' या विशेष निधीत स्वतंत्र बँक खात्यात दरमहा जमा करावी. निधीतून भूसंपादन, नवीन बांधकाम, कारंजी, पुतळे, आस्थापनेचे नियमित वेतन व वाहन खरेदी यांवर खर्च करू नये. अखर्चित रक्कम व्यपगत न होता पुढील वर्षी वर्ग व्हावी. उद्यान विभागाची मूळ तरतूद मागील तीन वर्षांच्या सरासरी खर्चापेक्षा कमी करू नये. ही वाढ पाच वर्षांनी संपुष्टात येईल. पुढे चालू ठेवण्यासाठी नवीन ठराव आवश्यक राहील."

यातलं शेवटून तिसरं, मूळ तरतुदीचं वाक्य सोडू नका. बाकी सगळं मिळालं आणि ते गळलं, तर अंदाजपत्रकात उद्यानाची जुनी तरतूद तेवढ्यानेच कमी होईल आणि गावाला कर जास्त, बागेला पैसा तेवढाच, असं होईल. "दरमहा जमा" हेही मुद्दाम घातलंय. वर्षाअखेर जमा करायचं म्हटलं की तोवर पैसा पगारात फिरवला जातो.

नागरिकाला सभागृहात प्रस्ताव मांडता येत नाही. नगरसेवकाकडून सूचक-अनुमोदकांच्या सह्यांनी नगरसचिवांकडे द्यावा लागतो. एकाच पक्षाचे सूचक-अनुमोदक घेऊ नका, आणि त्यातला एक पूर्व भागातला घ्या. निवेदनाची प्रत आयुक्त, मुख्य लेखापाल, उद्यान विभाग आणि कर आकारणी विभाग या चौघांना, प्रत्येकाकडून आवक क्रमांकासह पोच घेऊन.

पूर्वभाग

सूट आणि पहिल्या यादीत आमच्या दोन जागा लेखी असतील तर सह्या मी गोळा करून देतो. विडी घरकुलातल्या घरांच्या करपात्र मूल्याचे आकडे आधी बघून ती सूट-मर्यादा ठरवा, वरून अंदाजाने नको.

मातीपाणी

तपासायचं सोपं ठेवा, तिमाहीला एकदा, फोटोसह. झाडं मोजा: लावलेली किती, जिवंत किती. ठेक्यात ९० टक्के जगण्याची अट आणि मेलेलं रोप पावसाळ्यात ठेकेदाराच्या खर्चाने बदलायची अट घाला. पाण्याचा मीटर आणि विजेचा मीटर वाचा. बिल थकून महावितरणने वीज तोडली की पंप बंद, पंधरा दिवसांत उन्हाळी रोपं वाळतात, म्हणून वीजबिल निधीतून थेट भरायची तरतूद हवी.

पाळण्याची साखळी आणि एस-हूक बघा, जाडी एक तृतीयांश झिजली की बदलायची. पाळण्याखाली पेव्हर ब्लॉक असतील तर ते काढून ३० सेंटिमीटर वाळू. पत्र्याची घसरगुंडी दक्षिणेला तोंड करून बसवलेली असेल तर एप्रिल-मेमध्ये पोरांच्या मांड्या भाजतात. उत्तरेला फिरवा किंवा वर सावली करा. ओपन जिमच्या उपकरणांत बंद बेअरिंग आहे का ते खरेदीआधीच विचारा. उघडं असेल तर एका पावसाळ्यात गंजून करकरायला लागतं, आणि सुटा भाग मिळत नाही म्हणून अख्खं यंत्र भंगारात जातं.

आणि चालायची पायवाट काळ्या मातीवर थेट घालू देऊ नका. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉक वर येतात आणि म्हातारी माणसं ठेचकाळतात. खाली किमान ३० सेंटिमीटर मुरूम दाबून घेतल्याचा फोटो मोजमाप पुस्तिकेला जोडल्याशिवाय बिल काढायचं नाही, ही अट दुरुस्तीच्या प्रत्येक निविदेत टाका.

नकाशावाला

पूर्व भागातल्या त्या दोन जागांचे गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर इथे टाका. मालमत्ता पत्रकावर काय नोंद आहे ते यादी छापायच्या आधी बघायला लागेल.